शाकारणी

मे महिना अर्धा सरला की आमच्या कोकणातल्या घराचं छप्पर अंगणात उतरायचं. नळे एकेक करून खाली यायचे; धड एकीकडे, फुटके एकीकडे. मग रिपा ठोकून बघायच्या, वाशाला वाळवी लागलीय का ते कोयतीच्या टोकानं खरवडून बघायचं, आणि मिरगाच्या आत सगळं पुन्हा वर चढवायचं. याला शाकारणी म्हणतात. आम्हा पोरांकडे खालून नळे हातोहात देण्याचं काम असे. आढ्याशी बसलेले थोरले काका वरून ओरडायचे, "उताणा दे रे, पालथा कशाला देतोस?" खालच्या ओळीत नळा उताणा बसतो आणि वरच्या ओळीत पालथा, हे मला कुणी समजावून सांगितलं नाही. दहा-बारा वेळा शिव्या खाल्ल्यावर कळलं.

१९९१ साली घरावर स्लॅब पडला. सगळ्यांना हायसं वाटलं. दर वर्षीची कटकट गेली, मजुरी वाचली, नळ्यांखाली दडलेल्या विंचवांची भीती गेली. पुढची पंचवीस वर्षं त्या स्लॅबकडे कुणी मान वर करून पाहिलं नाही. मग तो गळायला लागला. आतले गज गंजून फुगले, पोपडे पडायला लागले. कंत्राटदार आला, दोन ठिकाणी हातोडी मारून त्यानं निदान केलं : "पाडा आणि नवीन बांधा. नाहीतर वरून पत्रा मारा." आम्ही पत्रा मारला. आज एसटीनं कोकणात कुठंही जा, स्लॅबच्या घरांवर लोखंडी अँगल आणि निळ्या पत्र्याची शेड दिसते. छप्पर नको म्हणून स्लॅब घातला, आणि स्लॅब गळतो म्हणून त्यावर छप्पर.

जुन्या, गुंतागुंतीच्या यंत्रणांचं करायचं काय, असा वाद कुठंही निघाला की मला आमच्या त्या कंत्राटदाराचा आवाज ऐकू येतो. वाद बँकांच्या संगणकांचा असो, रेल्वेचा असो, नाहीतर सरकारी दप्तरांचा. एक पक्ष म्हणतो, चालतंय ना, हात लावू नका, वरून काहीतरी झाकण घाला. दुसरा म्हणतो, ठिगळं किती लावणार, एकदाच पाडा आणि कोरी पाटी घ्या. दोघेही आपापल्या बाजूनं बिनतोड बोलतात. तिसरी वाट, जी आमच्या घरात दर मे महिन्यात चालत होती, तिचं मात्र कुणी नाव काढत नाही.

एप्रिल २०२०मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या गव्हर्नरांनी पत्रकारांसमोर एक जाहीर विनंती केली : कोबोल येणारे कुणी स्वयंसेवक असतील तर पुढे या. करोनामुळे लाखो लोकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, बेकारभत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला होता, आणि तो भत्ता चुकता करणाऱ्या यंत्रणेचा गाभा कित्येक दशकांपूर्वी लिहिलेला होता. कोबोल ही संगणकाची भाषा १९५९ सालची. जगभर त्या बातमीची टिंगल झाली. दोष जुन्या भाषेचा किती आणि अचानक झालेल्या गर्दीचा किती, यावर तंत्रज्ञ नंतर बरेच दिवस भांडत राहिले. मला त्या विनंतीत भाषेच्या वयापेक्षा वेगळी गोष्ट दिसली. एवढ्या मोठ्या राज्याला आपल्याच घराचे वासे ओळखणारी माणसं रस्त्यावर हाक मारून बोलवावी लागत होती.

अशी हाक आपल्याकडच्या अनेक घरांना परिचयाची आहे. वायटूकेच्या धास्तीत, १९९७ ते ९९च्या दरम्यान, पुण्या-मुंबईतली किती मुलं कोबोलचा क्रॅश कोर्स करून अमेरिकेला गेली! सालाचे दोनच आकडे लिहिलेल्या जुन्या ओळी शोधून त्या दुरुस्त करायच्या, एवढंच त्यांचं काम. साऱ्या पश्चिम जगानं एकदाच घाईघाईनं केलेली ती शाकारणी होती आणि नळे द्यायला आमची पोरं होती. १ जानेवारी २००० उजाडला, काही कोसळलं नाही, आणि लोकांनी निष्कर्ष काढला की सगळी भीती उगाच होती. छप्पर न गळल्याबद्दल शाकारणाऱ्याचे आभार मानायची पद्धत कुठंच नाही.

पाडून नवीन बांधणाऱ्यांचा अनुभव तरी चांगला आहे का? ब्रिटनमधल्या टीएसबी या बँकेनं एप्रिल २०१८मध्ये एका शनिवार-रविवारी आपले सगळे ग्राहक जुन्या यंत्रणेवरून नव्या कोऱ्या यंत्रणेवर हलवले. सोमवारी सुमारे १९ लाख लोकांना आपलीच खाती उघडता येईनात. काहींना दुसऱ्यांची खाती दिसत होती. गाडं पूर्ण रुळावर यायला कित्येक महिने लागले, आणि २०२२च्या अखेरीस नियामकांनी बँकेला चार कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड ठोठावला. नवी यंत्रणा काही अडाण्यांनी बांधली नव्हती. पण जुनी यंत्रणा नेमकं काय काय करते, याची पुरती यादी अशा संस्थांत एका जागी क्वचितच असते. काही गोष्टी कागदावर असतात, काही ओळींमध्ये, आणि उरलेल्या कुणा एका बाईच्या किंवा बुवाच्या सवयीत : दर महिनाअखेरीला संध्याकाळी अमुक फाइल हातानं हलवायची, वगैरे. पाडताना पहिली जाते ती ही सवय.

आता एक उलटा दाखला, आणि तो मुंबईचा आहे.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही भारतातली पहिली विजेची गाडी हार्बर मार्गावर धावली. वीज होती १५०० व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी. त्या काळात हाच शहाणपणाचा पर्याय होता. पुढच्या पाच वर्षांत हीच वीज घाट चढून पुण्याला आणि इगतपुरीला पोचली. पश्चिमेकडे १९२८मध्ये बोरिवलीला. मग १९५७मध्ये भारतीय रेल्वेनं देशभरासाठी दुसरी पद्धत ठरवली, २५ हजार व्होल्ट एसी. कारण साधं आहे : दाब जास्त असला की तेवढ्याच ताकदीला प्रवाह कमी लागतो, तारा हलक्या चालतात, वीज पुरवणारी उपकेंद्रं दूर दूर ठेवता येतात. निर्णय बरोबर होता. पण मुंबई तोवर डीसीवर वाढून बसली होती. सगळा देश एका विजेवर आणि मुंबई दुसरीवर, असा संसार पन्नास वर्षांहून अधिक चालला. इगतपुरीला गाडी थांबायची, डीसीचं इंजिन निघायचं, दुसरं लागायचं, आणि तेवढ्यात आपण फलाटावर उतरून वडे खायचो. आमच्या पिढीला तो प्रवासाचा भाग वाटे. तो दोन काळांमधला सांधा होता.

बदलायचं ठरल्यावर अडचणी निघाल्या त्या विजेच्या फारशा नव्हत्याच. २५ हजार व्होल्टच्या तारेपासून पुलाचं पोट, फलाटाचं छप्पर, बोगद्याची कड दूर हवी. आणि मुंबईतले कित्येक उड्डाणपूल १९व्या शतकात, वर तार येणार हे कुणाच्या स्वप्नातही नसताना बांधलेले. सँडहर्स्ट रोडजवळचा हँकॉक पूल अखेर जानेवारी २०१६मध्ये पाडावा लागला. रुळांतून वाहणाऱ्या विजेवर गाडीचा ठावठिकाणा लावणारी सिग्नलची व्यवस्था डीसीला धरून बेतलेली होती, तीही बदलायची. शेजारून जाणाऱ्या दूरध्वनीच्या केबलींवर नव्या विजेचा परिणाम होणार, त्यांचीही सोय हवी. आणि हे सगळं रोज सत्तर-पंच्याहत्तर लाख माणसं वाहून नेत असताना, रात्रीच्या शेवटच्या लोकलनंतर आणि पहाटेच्या पहिल्या लोकलआधी जे तीनेक तास मिळतात त्यांत.

कुणीही सगळी तार एका रात्रीत बदलायचा हट्ट धरला नाही. आधी दोन्ही विजांवर चालणाऱ्या गाड्या आणल्या. मग एकेक टप्पा. पश्चिम रेल्वेवर हे काम फेब्रुवारी २०१२मध्ये संपलं, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५मध्ये, आणि हार्बरवर, जिथं ती वीज पहिल्यांदा आली होती तिथूनच, एप्रिल २०१६मध्ये ती शेवटची गेली. डब्यात लटकणाऱ्या प्रवाशाला यातलं फारसं काही कळलं नाही. मला हे गेल्या पन्नास वर्षांतलं मुंबईतलं सगळ्यात मोठं अभियांत्रिकी काम वाटतं. सागरी सेतूचे फोटो कॅलेंडरवर येतात. या कामाचा फोटो काढायचा म्हटलं तरी कशाचा काढणार?

हे जमलं कशामुळे, याचा विचार केला तर सगळ्यात महत्त्वाचं कारण मुंबईबाहेर सापडतं. उरलेल्या देशात तोवर पाचेक दशकं एसी वीज चालत होती. तिच्या खोड्या ठाऊक असलेले तारवाले, सिग्नलवाले, कारशेडमधले फिटर रेल्वेच्या पदरी होते, आणि डीसीच्या खोड्या ठाऊक असलेलेही अजून निवृत्त व्हायचे होते. जुनं जाणणारा आणि नवं जाणणारा एकाच रात्रपाळीत शेजारी शेजारी उभे राहू शकत होते. अशी रात्र नेहमी येत नाही. एक पिढी उशीर केला की शेजारी उभा राहणारा जुना माणूस फोटोत गेलेला असतो.

अर्थात तारा बदलल्या तरी १८५३ बदललं नाही. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली लाइन दक्षिण टोकाकडून निघाली, कारण गोदी आणि किल्ला तिथं होते. आता कचेऱ्या वांद्रे-कुर्ला संकुलात, अंधेरीला, ऐरोलीला गेल्या, तरी लोहमार्ग अजून सकाळी सगळ्यांना दक्षिणेकडे ओढतो. वाशांची दिशा एकदा ठरली की दर वर्षी कौलं कितीही उलटापालटी करा, घराचा चेहरा तोच राहतो. काही निर्णय दुरुस्तीच्या पलीकडे असतात, हे मान्य करून पुढे जावं लागतं.

कोऱ्या पाटीचा आपला स्वतःचा असा एक मोठा अनुभव आहे, आणि त्याचं बिल आत्ताशी येतंय. मोडी.

कित्येक शतकं मराठीचा व्यवहार मोडीत चालला. हात न उचलता झरझर लिहायची लिपी. ऱ्हस्वदीर्घाची फिकीर नाही, कारकुनाच्या बोटांना सोयीची. छापखान्याला मात्र ती सोयीची नव्हती. सेरामपूरला १९व्या शतकाच्या आरंभी मोडीचे खिळे पाडले गेले होते, तरी छापलेल्या पुस्तकांचं जग बाळबोधीकडे, म्हणजे देवनागरीकडे गेलं. पुढे शाळांमधूनही मोडी गेली. हा निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. मुलांना एकच लिपी शिकावी लागली, संस्कृत-हिंदीशी ती जुळली, छपाई स्वस्त झाली. पण आपण लिपी टाकली आणि दस्त ठेवले. गावकीच्या नोंदी, जमिनीचे कागद, जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, पेशवे दप्तरातले रुमाल, तंजावरच्या सरस्वती महालातले कागद, कितीतरी मोडीत. ते वाचणारे मात्र दर दशकात ओसरत गेले, आणि त्यांची गणती ठेवायची कुणाला गरज वाटली नाही.

२०२३मध्ये मराठा आरक्षणासाठी मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा तहसील कचेऱ्यांतले गठ्ठे उघडले आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. निजामाच्या राजवटीतल्या कागदांसाठी उर्दू-फारसी जाणणारेही हवे होते. आरक्षणाबद्दल तुमचं मत काहीही असो, दृश्य बघण्यासारखं होतं : अवघ्या राज्याचं राजकारण ज्या कागदांवर अडलेलं, ते कागद हातात आहेत, आपल्याच भाषेत आहेत आणि वाचता येत नाहीत. न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना हसणाऱ्यांनी एक चक्कर इकडंही मारायला हवी होती.

मोडीनंतर पन्नास वर्षांनी आपण तेच पुन्हा केलं. संगणकावर मराठी आली ती वेगवेगळ्या कंपन्यांच्या फॉन्टांमधून, आणि प्रत्येकानं रोमन अक्षरांच्या जागी आपल्या मर्जीनं काने-मात्रा-वेलांट्या बसवल्या. माझ्या एका जुन्या लेखसंग्रहाची सीडी मी परवा उघडली. वीस वर्षांची मेहनत पडद्यावर रोमन अक्षरांचा कचरा होऊन आली. पण या वेळी गोष्ट निभावली. कुठल्या फॉन्टात कुठल्या कळीखाली कुठलं अक्षर होतं, याचे तक्ते कुणीतरी जपले होते, त्यावरून युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर लिहिले होते. अर्ध्या तासात लेख परत मिळाला, चार जोडाक्षरं सोडून. तक्ता राहिला म्हणून लेख राहिला. मोडीच्या बाबतीत असा तक्ता कागदावर होता, पुस्तकं होती, वर्गही चालत. नव्हती ती रोज वाचून तयार झालेली नजर. एका कारकुनाचं वळण दुसऱ्याला लागत नाही, आणि पुस्तकातल्या सुबक मोडीवर शिकलेला माणूस खऱ्या कागदावर अडखळतो.

ही नजर ज्या गोष्टीतून बनते ती कागदावर का उतरत नाही, याचं सगळ्यात विचित्र उदाहरण अणुबाँबच्या कारखान्यातलं आहे. अमेरिकेच्या काही अण्वस्त्रांत फॉगबँक या टोपणनावाचा एक पदार्थ लागतो. तो टेनेसीतल्या ओक रिजच्या कारखान्यात १९८९पर्यंत बनत होता. मग थांबला. पुढे अस्त्रांच्या नूतनीकरणासाठी पुन्हा हवा झाला, तर जमेना. कृती लिहिलेली होती, सामग्री होती, पैसा तर होताच. बरीच वर्षं आणि कोट्यवधी डॉलर घालवल्यावर उलगडा झाला : पूर्वीच्या कच्च्या मालात एक अशुद्धी असायची, तीच पदार्थ नीट उतरायला कारण होती. नव्या लोकांनी माल जास्त स्वच्छ केला आणि ती काढून टाकली. जुन्या लोकांनाही ती ठाऊक नव्हती. त्यांनी ती लपवली नव्हती, तिच्यासोबत ते नुसते राहत होते.

म्हणजे नव्यानं सुरुवात करायची ताकद ज्याच्यात असते तो सतत ते काम करत असलेला माणूस. ज्यानं हात सोडला, त्याच्याकडे दोनच वाटा उरतात. पत्रा मारायचा, किंवा पाडून त्या जागी काहीतरी वेगळंच उभं करायचं आणि त्यालाच 'नवं' म्हणायचं.

जपानातल्या इसे इथलं शिंतो देवस्थान दर २० वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर संपूर्ण नव्यानं बांधतात. ही रीत सन ६९०पासूनची. २०१३मध्ये बासष्टावी खेप झाली, पुढची २०३३मध्ये आहे, आणि तिचे विधी २०२५च्या मे महिन्यात सुरूही झाले. नुसती इमारत नव्हे. देवाची वस्त्रं, तलवारी, आरसे अशा दीड हजारांहून अधिक वस्तूही नव्यानं घडवतात. लाकडासाठी १९२३मध्ये त्यांनी दोनशे वर्षांचा वनलागवडीचा आराखडा केला. वीस वर्षं हा हिशेब मोठा हुशारीचा आहे : एक सुतार विशीत हरकाम्या म्हणून, चाळिशीत कारागीर म्हणून आणि साठीत शिकवणारा म्हणून तेच काम तीनदा पाहू शकतो. इसेचं उदाहरण हल्ली व्यवस्थापनाच्या व्याख्यानांत फार गुळगुळीत झालंय, म्हणून एक गोष्ट सांगून टाकतो. १५व्या-१६व्या शतकात जपानात यादवी माजली तेव्हा ही परंपरा सव्वाशे वर्षं बंद होती. पुन्हा सुरू झाली तेव्हा बांधलेलं मंदिर अगदी पूर्वीसारखंच होतं असं अभ्यासक मानत नाहीत. देवळालाही खंड परवडला नाही.

इथवर लिहून मला थोडी लाज वाटतेय, कारण शाकारणीचं एवढं कौतुक करणारा मी नळे खालून देत होतो. वर चढणारे दुसरे होते. रणरणत्या उन्हात वाशावर बसून पाठीचा काटा ढिला करणारे, मजुरी म्हणून पायलीभर भात घेणारे. त्यांच्या पोरांनी मुंबई गाठली यात त्यांचं काही चुकलं नाही. नळे थापणारा कुंभार, वासे तासणारा सुतार यांना गावानं ज्या भावात आणि ज्या पायरीवर राबवलं, त्याचा हिशेब न करता 'पारंपरिक ज्ञान गेलं' म्हणून गळा काढणं शोभत नाही. ज्यांनी स्लॅब घातला तेही मूर्ख नव्हते. त्यांना दर वर्षीच्या कष्टातून सुटका हवी होती आणि ती त्यांना मिळाली, पंचवीस वर्षं. कष्ट हीच शाळा होती, हे शाळा बंद पडल्यावर कळलं.

म्हणून मला सगळं मोडून बांधणारे क्रांतिवीर पटत नाहीत, तसे जुनं ते सोनं म्हणणारेही. बँक असो, वीजमंडळ असो, नाहीतर पाणीखातं, मला एकच चौकशी करावीशी वाटते : गेल्या वर्षात तुम्ही यातला कुठला तुकडा उतरवून पुन्हा बसवलात, आणि तेव्हा शिडीवर सगळ्यात लहान वयाचं कोण होतं? बहुतेक ठिकाणी या प्रश्नाला उत्तर नसतं, कारण अंदाजपत्रकात त्यासाठी रकाना नसतो. नव्या बांधकामाला असतो, त्याला कोनशिला लागते. दुरुस्तीला असतो, तो मोडल्यावर. न मोडलेली गोष्ट उतरवायला पैसे मागितले तर लेखापरीक्षक भुवया उंचावतो, आणि त्याच्या जागी मी असतो तर मीही उंचावल्या असत्या.

आमच्या गावच्या गोठ्यावर अजून नळे आहेत. गुरं गेली, आता तिथं स्कूटर असते. गेल्या मे महिन्यात आम्ही तो शाकारायचं ठरवलं. वाडीत काम येणारा एकच माणूस उरला होता, तोही सत्तरीचा. त्याच्यासोबत माझा पुतण्या वर चढला. थोरले काका खाली खुर्ची टाकून बसले होते आणि उताणे-पालथे बघत होते. दुपारपर्यंत काम रंगात आलं, मग लक्षात आलं की चाळीसेक नळे कमी आहेत. नळे थापणारं आता पंचक्रोशीत कुणी नाही. शेवटी वरच्या कोपऱ्यात पत्र्याचा एक तुकडा ठोकला. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तो मागच्या अंगाला घ्या रे. रस्त्यावरून दिसतो."